समुपदेशक ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यात मानसिक आरोग्याचं अ‍ॅप आणायचं ठरलं, तेव्हा चर्चा सगळी दर आणि सवलतींची चालू होती. तुम्ही विचारलंत, "बिलावर काय छापून येणार?" सेवा पुरवणाऱ्याच्या मासिक बिलात सत्रापुढे कर्मचारी क्रमांक असला, की कोण बोलायला गेलं होतं ते लेखा विभागात उघड होतं. आता करारातच लिहिलंय: बिलावर फक्त सत्रांची संख्या. या एका ओळीसाठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण तो गळतो अशाच बारीक फटींतून.

लॉगिन कंपनीच्या ईमेलने नको, स्वतःच्या मोबाइल नंबरने हवं, हा आग्रहही तुमचाच. मशीनवर काम करणाऱ्या बहुतेकांना कंपनीचा ईमेल नसतो. ज्यांना असतो, त्यांना तो आयटीवाले उघडतील ही धास्ती असते. फोनवर झळकणाऱ्या सूचनेतून तुम्ही 'समुपदेशन' हा शब्द काढायला लावलात. तिथे आता एवढंच येतं: 'आज ७ ची वेळ लक्षात असू द्या.' कॅन्टीनच्या टेबलावर फोन उघडा पडला तरी शेजारच्याला काही कळत नाही. अहवालाचंही तेच. सहा जणांच्या विभागात 'दोघांनी सेवा घेतली' असं छापलं, की उरलेले नावं ओळखतात. म्हणून दहापेक्षा लहान गट वेगळा दाखवायचा नाही.

सगळ्यांत मोठं ऋण आहे ते नैराश्याची लक्षणं तपासणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीबद्दलचं. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञांकडे पाठवायचं. अ‍ॅप बेरीज पाहून सल्ला देणार होतं. तुम्ही नवव्या प्रश्नावर बोट ठेवलंत. तो मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. बाकी सगळीकडे शून्य आणि तिथे १ आला, तर बेरीज १ च, म्हणजे अ‍ॅपच्या लेखी सारं ठीक! आता तिथे शून्याखेरीज काहीही आलं, की बेरीज न बघता समुपदेशकाचा फोन जातो आणि पडद्यावर लगेच १४४१६ दिसतो. टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. दुसरी पाळी सुटते त्या वेळी अ‍ॅपवर समुपदेशक नसतो, तेव्हा हाच नंबर कामाचा.

भाषाही तुम्ही सोपी केलीत. 'नैराश्य' या बटणावर कुणी बोट ठेवत नाही. 'झोप लागत नाही', 'कामात मन लागत नाही' यांवर ठेवतात. एका खोलीत पाच माणसं राहतात तिथे व्हिडिओ कॉल कसा करणार, म्हणून लिहून बोलण्याची सोयही तुम्हीच मागून घेतलीत.

कंत्राटी कामगारांची नावं आमच्या पगारपत्रकावर नसल्याने ते सुटत होते. तुम्ही म्हणालात तसं, १४४१६ आणि अ‍ॅपचा क्यूआर कोड छापलेलं कार्ड आता प्रत्येक गेटपासच्या पाकिटातच जातं. पुढच्या खेपेला दुसऱ्या पाळीच्या चहाला या; कार्डावरचा मजकूर तुमच्या नजरेखालून जायचाय.

आपले कृतज्ञ,
मनुष्यबळ विभाग आणि कामगार कल्याण समिती