रोजचे दोन पेन्स

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली ट्रोलॉपची ‘द वॉर्डन’ ही इंग्रजी कादंबरी परवा रात्री वाचून संपली. पुस्तक तसं पातळ, पण मला पंधरा दिवस लागले. अक्षर बारीक आहे, आणि मी मधेमधे वही घेऊन हिशेब मांडत बसायची. तीस वर्षं लेखापरीक्षेत काढल्यावर आकडा दिसला की हात थांबत नाही.

फोनवर तू विचारलंस, "आई, त्या म्हाताऱ्या वॉर्डनने, हार्डिंगने, राजीनामा देऊन मिळवलं काय? भलं कुणाचंच झालं नाही." तेव्हा माझी शेवटची प्रकरणं व्हायची होती, म्हणून गप्प बसले. आता सांगते. बोलण्यात नीट मांडता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आधी पुस्तकातला हिशेब. जॉन हायरम हा लोकरीचा व्यापारी १४३४ साली गेला. जाताना घर आणि कुरणं ठेवून गेला ती काम करून थकलेल्या बारा लोकर पिंजणाऱ्यांसाठी, आणि त्यांची देखभाल करणाऱ्या वॉर्डनसाठी. पुढे त्या कुरणांवर घरं उठली, भाडी वाढली. चारशे वर्षांनी म्हाताऱ्यांना मिळतात रोज एक शिलिंग चार पेन्स, आणि वॉर्डनला वर्षाला आठशे पौंड, शिवाय राहायला बागेतलं सुंदर घर. मी गुणाकार केला (तेव्हा बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड). बारा जणांचे मिळून वर्षाला २९२ पौंड होतात. तेव्हा बोल्ड या तरुण डॉक्टरने उचललेला प्रश्न खोडसाळ नव्हता. माझ्या टेबलावर ती फाइल आली असती तर मीही आक्षेप काढलाच असता.

पण हार्डिंगनी वॉर्डन झाल्या झाल्या स्वतःच्या खिशातून प्रत्येकाला रोज दोन पेन्स जास्त द्यायला सुरुवात केली होती. लेखक म्हणतो, याचे वर्षाला ६२ पौंड ११ शिलिंग ४ पेन्स होत. मी तीनदा मांडून पाहिलं. बारा माणसं, दोन पेन्स, ३६५ दिवस. साडेछत्तीस पौंडांच्या वर जात नाही. ट्रोलॉपची बेरीज चुकलीय. सांगायचं म्हणजे, ते दोन पेन्स माझ्या मनातून जाईनात. आपल्या वाट्याला काहीतरी जास्त येतंय हे त्या माणसाला कुणी बोट दाखवण्याआधीच कुठेतरी आत टोचत असणार. नाहीतर पहिल्याच दिवशी खिशात हात कशाला गेला असता?

तू पाठवलेले सेंट क्रॉस या वृद्धाश्रमाचे फोटो पुन्हा काढून पाहिले. विंचेस्टरच्या कुरणातून चालत गेलास, दारावर मागितलंस तेव्हा पावाचा तुकडा आणि पेलाभर बिअर मिळाली, काळ्या आणि लाल झग्यातले वृद्ध दिसले. मला वाटलं होतं तू नुसता फिरायला गेलायस. मग पुस्तकातच त्या जागेचा उल्लेख आला. बाराव्या शतकातलं ते निवासस्थान, आणि १८०८ पासून त्याचे प्रमुख लॉर्ड गिलफर्ड. नेमणूक केली वडिलांनीच, कारण वडील तिथले बिशप. कोर्टात प्रकरण गेलं, निकाल विरुद्ध लागला, तेव्हा कुठे १८५५ मध्ये खुर्ची सुटली. सत्तेचाळीस वर्षं! त्याच १८५५ साली ही कादंबरी छापून आली. ट्रोलॉप पोस्टात नोकरीला होता. कामानिमित्त सॉल्झबरीला असताना, १८५२ च्या उन्हाळ्यात तिथल्या कॅथीड्रलच्या आसपास फिरताना त्याला ही गोष्ट सुचली. (त्याच वर्षी इकडे मुंबई इलाख्यात, इनामांची कागदपत्रं तपासणाऱ्या इनाम कमिशनचा कायदा झाला आणि घरोघरच्या जुन्या सनदा बाहेर निघाल्या. जुन्या कागदावर मिळणारं उत्पन्न नक्की कुणाचं, हा प्रश्न तेव्हा दोन्हीकडे पेटलेला होता.)

गिलफर्डवर लिहिणं सोपं होतं. लेखकाने मात्र त्या खुर्चीवर एक भला माणूस बसवला. म्हणून पुस्तक मला सोडवेना.

आता मी तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट. तू तेव्हा तिसरीत होतास. अनुदानावर चालणाऱ्या एका वसतिगृहाची तपासणी माझ्याकडे आली. तिथले अधीक्षक वसतिगृहातल्याच दोन खोल्यांत राहत होते आणि पगारात घरभाडे भत्ताही घेत होते. सरळ नियमात न बसणारी गोष्ट. मी आक्षेपाचा परिच्छेद लिहिला, वसुली दाखवली. संस्थेचे लोक त्यांना म्हणाले, घाबरू नका, ठराव करून कार्योत्तर मंजुरी घेऊ, सगळं नियमित होईल. झालंही असतं. त्या गृहस्थांनी पूर्ण रक्कम भरली आणि नोकरी सोडली. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले तर मुलं सुकलेली. स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं की रविवारचं दूध सर स्वतःच्या पैशाने आणायचे. त्याचं कुठे व्हाउचर नव्हतं, त्यामुळे माझ्या तपासणीत ते कधी आलंच नव्हतं.

परिच्छेद बरोबर होता. आजही तोच लिहीन. पण लिहिण्याआधी मी त्यांच्याशी बोलले नाही. बोल्ड निदान हार्डिंगच्या बागेत गेला आणि तोंडावर सांगून आला. मी तेवढंही केलं नाही.

म्हणून लंडनचं प्रकरण मी दोनदा वाचलं. जावयाला, म्हणजे चर्चमधला वरचा अधिकारी असलेल्या आर्चडीकनला, चुकवून हार्डिंग लंडनला जातात. एका मोठ्या वकिलाची रात्री दहाची वेळ मिळालेली, तोवर जायचं कुठे, तर वेस्टमिन्स्टर ॲबीत बराच वेळ बसून राहतात. मग तो मोठा वकील सांगतो, दावा मागे घेतलाय, आता तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही. हार्डिंग विचारतात: ते ठीक, पण हे उत्पन्न कायद्याने खरोखर माझं आहे का? वकिलाला प्रश्नच कळत नाही. खटला संपला की त्याच्या लेखी सगळं संपलं. आणि मग तो बुजरा म्हातारा, ज्याने जावयापुढे कधी आवाज चढवला नाही, राजीनामा देतो म्हणून सांगतो. उभा राहून, हातात नसलेला चेलो जोरजोरात वाजवत. बोटं तारांवर, गज इकडून तिकडे. वाचताना मला रडू आलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसलं. मी राहिलो तर कुणाचं किती भलं, हा हिशेब हार्डिंग मांडतच नाहीत. हे माझं आहे का, एवढंच ते विचारतात, आणि ‘हो’ असं उत्तर त्यांना कुणी देऊ शकत नाही. बिशप नाही, वकील नाही. ‘नाही’ असंही कुणी सिद्ध केलेलं नसतं. ती शंका घेऊन त्या घरात झोपणं त्यांना जमत नाही. वर्तमानपत्राने त्यांना लोभी ठरवलं ते खोटं होतं आणि त्यांना लागलंही फार. पण ते गेले ते त्या बदनामीच्या भीतीने, असं मी म्हणणार नाही. भीती असती तर खटला संपल्यावर थांबले असते.

तू म्हणतोस ते खोटं आहे असंही नाही. नवा वॉर्डन नेमला जात नाही, बागेत गवत माजतं, वर्षाला शंभर पौंड मिळतील या आशेने वॉर्डनविरुद्धच्या अर्जावर फुल्या मारणारे म्हातारे एकेक करून जातात, आणि ते दोन पेन्स कायमचे बंद. लेखकाने यातलं काही झाकलं नाही. ती शेवटची पानं वाचून मी रविवारच्या दुधाचाच विचार करत होते. ते अधीक्षक आता हयात आहेत की नाहीत, मला माहीत नाही. त्यांनी पैसे भरले त्या दिवशी मला त्यांचा थोडा रागच आला होता. सगळे वाट काढून देत असताना हा माणूस का ऐकत नाही, असं. आज त्यांच्या दारी जाऊन बसावंसं वाटतं.

तिकडे थंडी वाढली असेल, स्वेटर अंगात घालत जा. आणि या पुस्तकाचा पुढचा भाग १८५७ चा आहे असं प्रस्तावनेत लिहिलंय, तो मिळाला तर पाठव. त्या बारा खोल्यांत पुन्हा कुणी राहायला येतं का, ते मला वाचायचंय.

तुझी,
आई