किती एचपी पुरे?

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि घरी बांधायच्या गाडीच्या चासीचं रेखाटन दोन्ही मिळालं. चौकोनी नळ्यांचा सांगाडा, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, दोन सीट, दारं नाहीत. १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या घराण्यातलीच ही गाडी. पहिल्यांदा बांधणाऱ्याने हीच घ्यावी. फक्त कागदाच्या कोपऱ्यात तू 'टर्बो, २४० एचपी' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेस, हे पत्र त्या रेघांबद्दल आहे. माझं मत आधीच सांगतो: फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडतानाच मोजलेले, १३० ते १५० एचपी घे आणि बाकीची हौस चासी, डिफ (इंजिनाची ओढ मागच्या दोन चाकांत वाटणारा डिफरन्शियल) आणि टायरवर कर. आता का, ते हिशोबाने बघ. (इथे एक एचपी म्हणजे ७३५ वॉट.)

सुरुवात इंजिनापासून नाही, वजनापासून करायची. तू ५५० किलो धरलं आहेस. ते कोरडं वजन असणार, आणि घरी बांधलेली गाडी कागदावरच्या आकड्याइतकी हलकी सहसा उतरत नाही. ४० लिटर पेट्रोल म्हणजे ३० किलो. ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल मिळून दहा-बारा. डोनर गाडीची (जिचे भाग काढून घेणार तिची) वायरिंग न छाटता तशीच कोंबली, तर एसी, पॉवर विंडो, एअरबॅग यांच्या मेलेल्या तारा जन्मभर वाहायच्या. फायबरच्या पत्र्याला 'असू दे जरा मजबूत' म्हणून एक थर वाढवला की तिथेही किलो चढतात. रोल बार, सीटचे पट्टे, सायलेन्सर वेगळे. म्हणून ६२० धर, त्यात तुझे ८०, झाले ७००. ड्रायव्हरसकट ७०० किलो हाच खरा भाजक; जाहिरातीत एचपी-प्रति-टन देतात तिथे ड्रायव्हर बहुधा नसतो. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीचं १.६ लिटर इंजिन ११५ एचपीचं. मूळ गाडी ड्रायव्हरसकट टनभर भरते, म्हणजे टनाला ११५च्या आत-बाहेर. तेच इंजिन, एक बोल्टही न बदलता, तुझ्या ७०० किलोत टनाला १६४ होतं. १४० एचपी घेतलेस तर बरोबर २००.

आता पिकअप. पहिल्या दोन गिअरमध्ये गाडी किती जोरात सुटणार हे इंजिन नाही, मागचे टायर ठरवतात. मागच्या चाकांवर ५२ टक्के भार, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंमी, व्हीलबेस २.२५ मीटर, टायरची पकड १.० असं धर. सुटताना थोडा भार मागे सरकतो तोही हिशोबात घे: ०.५२ भागिले (१ वजा ०.४५/२.२५), म्हणजे ०.६५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६५ पट). याहून जास्त ओढ रस्त्यावर उतरतच नाही, चाकं जागेवर फिरतात. ७०० किलोला ०.६५ जी म्हणजे सुमारे ४४६० न्यूटन. आता चाकांवरची ताकद भागिले ही ओढ केलीस की ज्या वेगापर्यंत टायर तोकडे पडतात तो वेग मिळतो:

चाकांवर १०० एचपी असतील तर ५९ किमी/तासापर्यंत.
१४० असतील तर ८३ पर्यंत.
२०० असतील तर थेट ११९ पर्यंत.

त्या वेगापर्यंतची जादा ताकद म्हणजे नुसता धूर. याच आकड्यांवरून ० ते १०० चा आदर्श वेळ काढ, गिअर बदलणं आणि हवा सोडून: १०० एचपीला ५ सेकंद, १४० ला ४.४, आणि २०० ला? ४.३५. मन्या, साठ एचपी वाढवून सेकंदाचा दहावा हिस्साही पुरता मिळत नाही. प्रत्यक्षात सगळे वेळ वाढतील, कारण इंजिन सतत आपल्या कमाल ताकदीवर नसतं, पण उतरंड हीच राहते. शंभरावरून एकशे चाळीसवर जाण्यात खरा फायदा आहे, त्यानंतर दोरी एकदम आखडते.

एका गिअर बदलाला सहज ०.३ ते ०.४ सेकंद जातात, तेव्हा गिअरिंगचं गणित इंजिनाइतकंच महत्त्वाचं. एमएक्स-५ च्या पाच गिअरवाल्या बॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.८८८. डिफ ४.३ चा, टायर १८५/६० आर १४ (घेर अंदाजे १.८१ मीटर) आणि ७००० आरपीएम मर्यादा, तर दुसरा गिअर ९४ ला संपतो. शंभराच्या तोंडाशी येऊन गिअर बदलावा लागणार! ४.१ चा डिफ टाकलास तर ९८, ३.९ चा टाकलास तर १०३. हलक्या गाडीला लांब (कमी आकड्याचा) डिफ बाधत नाही. उलट फोर्डचा टाइप ९ गिअरबॉक्स घेतलास तर त्याचा ३.६५ चा पहिला गिअर जड गाडी हलवायला केलेला आहे. हलक्या गाडीत चाक हललं न हललं तोच संपतो. तिथे लांब पहिल्या गिअरचा संच बसवतात, आणि तो खर्च पन्नास एचपीपेक्षा जास्त जाणवतो.

टॉप स्पीडचं म्हणशील, तर या आकाराची गाडी हवेच्या दृष्टीने वीटच आहे. उघडी चाकं, उभी काच, उघडं डोकं. सीडी (हवेच्या अडथळ्याचा गुणांक) आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.९ चौरस मीटर धर. हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. टायरचा थोडा रोध धरून १०० किमी/तासाला चाकांवर १९ एचपी पुरतात. १६० ला ७०, २०० ला १३३ आणि २४० ला २२६. गिअरबॉक्स-डिफमध्ये १५ टक्के जातात असं धरून फ्लायव्हीलवर ते ८२, १५६ आणि २६६ होतात. ताळा करून बघ. सेव्हनच्याच घराण्यातल्या केटरहॅम १७० मध्ये सुझुकीचं ६६० सीसी टर्बो आहे, ८४ एचपी, गाडी ४४० किलो, आणि टॉप स्पीड १६९ च्या आसपास. त्यांचीच ६२०आर सुपरचार्जरसकट ३१० एचपीची, ती २५० ला थांबते. म्हणजे पावणेचारपट ताकदीला दीडपट वेग. २०० च्या पुढे उघड्या गाडीत हेल्मेट मागे खेचलं जातं आणि पुढचं टोक उचलायला लागतं, ते सुख वेगळंच. टॉप स्पीडच हवा असेल तर एचपी नको, छप्पर आणि निमुळती शेपटी कर.

एचपीची यादी तिथे संपत नाही, हे बांधणारे विसरतात. एमएक्स-५ १.६ चं जुनं छोटं डिफ जादा टॉर्कला टिकत नाही, १.८ वाल्याचं मोठं घ्यावं लागतं. ते जड. मग हाफ शाफ्ट, मग मोठा क्लच. ब्रेकचं बघ: ७०० किलोची गाडी १२० वरून थांबवायला ३८९ किलोज्यूल, १६० वरून ६९१. पुढचे ब्रेक ७० टक्के घेतात आणि पुढची प्रत्येक डिस्क ४ किलोची आहे असं समज, तर १६० वरच्या एका थांब्यात डिस्क सुमारे १३० अंशांनी तापते. थंड व्हायला सरळ रस्ता मिळण्याआधी असे तीन थांबे झाले की साधे पॅड गुळगुळीत होतात आणि पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. मग मोठ्या डिस्क, त्यांना बसतील अशी मोठी चाकं, आणि स्प्रिंगवर न झुलणारं वजन (चाकं, डिस्क) वाढल्यामुळे खडबडीत वळणावर पकड गेली. ताकद वाढवून गाडी वळणावर मंद होते ती अशी.

टायरचंही तसंच. इतक्या हलक्या गाडीला २२५ रुंदीचे टायर चढवले तर ते नीट तापतच नाहीत. १८५ किंवा १९५ मऊ रबराचे जास्त चिकटतात. आणि डिफ साधा असेल तर वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक हलकं होऊन नुसतं फिरतं, तिथे १२० एचपीसुद्धा वाया. इंजिनाला हात लावण्याआधी लिमिटेड स्लिप डिफ (एका चाकाला एकटंच फिरू न देणारा) घे.

आता इंजिन कोणतं. टर्बो नसलेल्या २ लिटरचा कमाल टॉर्क साधारण १८०-१९० एनएम. एचपी म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२३. १५० एचपी हवे तर ६००० आरपीएमला १७५ एनएम पुरतात, ते साध्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मूळ ईसीयूवर (इंजिनाचा संगणक), थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होऊन मिळतात. २०० हवे तर ७८०० ला १८० एनएम टिकवायचे: गरम कॅम, मोठे व्हॉल्व्ह स्प्रिंग, चार थ्रॉटल बॉडी, नवा ईसीयू, आणि ३५०० च्या खाली इंजिन खोकत बसणार. एकट्या इंजेक्टरचं बघायचं तरी १४० एचपीला मिनिटाला २३० सीसीच्या आसपासचे चालतात, २०० ला ३३० लागतात. फोर्डचं ड्युराटेक २.० अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं आहे, हलकं, आणि याच कामाला भरपूर वापरलं जातं. माझदाचं १.८ लोखंडी ब्लॉकचं, थोडं जड, पण गिअरबॉक्स आणि डिफ एकाच गाडीतून जुळून येतात. तुझ्यासाठी मी तेच सुचवीन.

टर्बोला माझा विरोध ताकदीमुळे नाही. वळणाच्या मध्यावर पाय हलका दाबलेला असताना बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) चढतो आणि ज्या क्षणी मागचे टायर आधीच भरलेले असतात त्याच क्षणी टॉर्क दुप्पट होतो. वर त्या अरुंद बॉनेटखाली टर्बोची उष्णता. आत ओढलेली हवा ३० अंशांनी जास्त गरम झाली की तिची घनता ९ टक्क्यांनी घटते, म्हणजे जे मिळवलं त्यातलं तिथेच गेलं. टर्बो नसला तरीही फिल्टर एक्झॉस्टच्या बाजूला ठेवू नकोस, नाकातून वेगळा पाइप आण.

बाइकच्या इंजिनाचा मोह तुला होणार हे मला ठाऊक आहे. १९९९ ची हायाबुसा १२९८ सीसीची, १७५ एचपी, गिअरबॉक्स अंगातच, वजन नगण्य. पण टॉर्क १३८ एनएम, तोही ७००० आरपीएमला, आणि क्लच निम्म्याहून हलक्या वाहनासाठी केलेला. चढावर सुटताना तो जळतो. रिव्हर्स नाही, त्याला वेगळी पेटी किंवा इलेक्ट्रिक मोटर लावावी लागते. सगळ्यात मोठी भानगड ऑइलची. बाइक वळणात झुकते, म्हणून ऑइल सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाशीच राहतं. गाडी झुकत नाही, ऑइल कडेला जाऊन बसतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो आणि बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे) बेअरिंग घासले जातात. लांब वळणात प्रेशरचा काटा क्षणभर पडला की समजायचं. उपाय सम्पमध्ये झडपांचे बॅफल (ऑइल अडवणारे पडदे), नाहीतर ड्राय सम्प (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना). हीच गोष्ट मोटारीच्या इंजिनालाही लागू आहे: जमिनीपासून उंची मिळावी म्हणून सम्प खालून कापलास तर ऑइल कमी होतं. कापलास तितका दोन्ही बाजूंना रुंद कर, आणि बॅफल घाल.

तेव्हा माझदाचं १.८ मूळ ईसीयूसकट घे. माउंट वेल्ड करण्याआधी बॉनेट, स्टिअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्ट जागेवर धरून बघ, इंजिन शक्य तितकं मागे आणि खाली सरकव. गाडी पुरी झाली की चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून तुझ्यासकट वजन कर. मग बंद ट्रॅकवर १० हर्ट्झचा जीपीएस लॉगर लावून तिसऱ्या गिअरमध्ये १०५ ते १२५ चा वेळ घे, दोन्ही दिशांनी, म्हणजे वारा आणि चढ कटेल. ७०० किलोला २ सेकंद लागले तर गती वाढवायला ६२ किलोवॉट, हवा आणि टायरला २०, मिळून चाकांवर सुमारे ११२ एचपी, म्हणजे फ्लायव्हीलवर १३०च्या घरात. फिरणाऱ्या भागांचं जडत्व यात धरलेलं नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा वरच असेल. २.३ च्या वर लागले तर आधी इग्निशन टायमिंग, फिल्टरकडे येणारी हवा आणि घासणारे ब्रेक तपास. कॅम मागवायचा विचार त्यानंतर.

चार काट्यांचे आकडे आणि व्हीलबेस कळव, तुझ्या गाडीचा ०.६५ नेमका किती येतो ते काढून पाठवतो.

तुझा,
सुध्या