अध्यक्षांना चौथा अर्ज: मीटररूमच्या पत्र्यावरची वाटी

प्रति,
मा. अध्यक्ष,

विषय: मांजरांचे खाणे रात्रभर उघड्यावर राहण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

हा माझा चौथा अर्ज. आधीच्या तिन्हींवर आपण ‘बघतो’ एवढंच म्हणालात, तेही लिफ्टचं दार बंद होताना.

माझा मांजरांना विरोध नाही, हे आधीच लिहून ठेवतो. बी-१०२ च्या वहिनी त्यांना खाऊ घालतात, पुण्याचंच काम आहे. पण रात्री दहाला माझ्या खिडकीखालच्या पत्र्यावर भात आणि बोंबलाची मुंडकी ठेवायची आणि वाटी सकाळी कामवालीने उचलायची? मागची भिंत ओलांडली की येऊरचं जंगल आहे. मांजरं पंधरा मिनिटांत खाऊन जातात. उरलेल्यावर आधी घुशी येतात, मग उदमांजर, म्हणजे मांजरासारखा दिसणारा, फळंही खाणारा रानटी प्राणी.

गेल्या मंगळवारी रात्री दोनला टणटण आवाज आला म्हणून टॉर्च मारला. लांब काळी शेपटी ड्रेनेजच्या पाइपाला टेकलेली आणि तोंड वाटीत. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खायला लागलं. सकाळी माझ्या स्कूटरच्या सीटवर विष्ठा, तीत अख्ख्या बिया. वॉचमन म्हणतो, ‘बोका असेल.’ बोका कधीपासून फळं खायला लागला?

मागे कमिटीने डांबरगोळ्या टाकल्या. त्या मांजरांना विषारी असतात. उदमांजर त्यांच्यावरून चालत आलं. सी विंगचे एक सभासद पिंजरा लावा म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, पिंजरा आपण लावायचा नसतो. प्राणी अडकला किंवा जखमी दिसला, तर वनखात्याला १९२६ वर फोन करायचा.

वहिनी सभेत २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा कागद फडकावतात की खाण्याची सोय सोसायटीनेच करायची. पण त्याच नियम २० मध्ये ठरावीक वेळ पाळा, घाण करू नका, असंही आहे. नेमका तिथे त्यांचा अंगठा असतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बिबट्या कोरम मॉलमध्ये शिरला होता, तो आपल्याच ठाण्यात. बिबट्याला कुत्री-मांजरंही चालतात. मी घाबरवत नाही, आठवण करून देतोय.

खाणं संध्याकाळी साडेसहाच्या आत, अर्ध्या तासात वाटी घरात, ओल्या कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण. बस. उंचावर ठेवून उपयोग नाही, उदमांजर पाइपावरून गच्चीपर्यंत जातं.

पहिल्या मजल्यावरचे बाकीचे सगळे माझ्याच मताचे आहेत, फक्त सही करायला कोणी तयार नाही. जिन्यातलं चपलांचं कपाटही बी-१०२ चंच, गणपतीची वर्गणीही त्यांचीच बाकी. तो वेगळा विषय आहे, पण लक्षात असावा.

रविवारपर्यंत उत्तर न आल्यास ती वाटी मी रात्री दहाला कमिटीच्या ऑफिसच्या पायरीवर ठेवीन.

आपला,
बी-२०२

ता. क. वाटी स्टीलची आहे आणि तिच्या कडेला आमच्या सौ.चं नाव कोरलेलं आहे. सत्यनारायणाला प्रसाद घालून दिली होती.