मा. आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: बाळ गेलेल्या बाईला कुठल्या कॉटवर झोपवायचं हे तरी ठरवा

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

सरळ मुद्द्यावर येते. नववा महिना लागल्यावर माझी मुलगी पोटातच गेली. कोणावर कारवाई करा म्हणून हे पत्र नाहीये, डॉक्टरांनी त्यांच्या परीने सगळं केलं असं मला आजही वाटतं. मला बोलायचंय ते त्याच्यानंतरचं, म्हणजे ठोके लागत नाहीत हे कळल्यापासून ते बाई परत कामावर जाऊन बसेपर्यंत तिच्याशी कोण काय बोलतं, तिला कुठे ठेवतात, आणि तिला काय काय सांगायचं राहून जातं त्याबद्दल. मला समजून घेणारी माणसं भेटली, नाही असं नाही, पण ती निव्वळ नशिबाने भेटली. त्या दिवशी ड्यूटी दुसऱ्या कोणाची असती तर कदाचित भेटलीही नसती.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर गप्प झाले आणि त्यांनी स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली. मग मला म्हणाले, मिस्टर आलेत का सोबत, त्यांना जरा बाहेर भेटतो. म्हणजे बाळ माझ्या पोटात, मी तिथे पोटावर जेल लावून पडलेली, आणि बातमी बाहेर कॉरिडॉरमध्ये नवऱ्याला. तो आत आला तेव्हा त्याचं तोंड बघून मला कळलं. डॉक्टर माणूस वाईट नव्हता हो, घाबरला होता. असं कसं सांगायचं हे त्याला बहुतेक कोणी कधी शिकवलंच नसेल.

बऱ्याच लोकांना, अगदी शिकल्यासवरलेल्यांनाही, हे माहीत नसतं की बाळ गेलं तरी बाळंतपण चुकत नाही. गोळ्या देऊन कळा आणतात आणि बाई त्याच कळा देते ज्या बाकीच्या देतात, फक्त शेवटी रडण्याचा आवाज येत नाही. शक्यतो सिझर करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, उगाच पोटावर टाका कशाला, पुढच्या वेळेला त्रास. पण हे कारण मला महिन्यांनी दुसऱ्याच एका डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. त्या रात्री मला वाटत होतं की आता बाळ नाही म्हणून माझ्यासाठी कोणी काही करत नाहीये, नुसतं सोसायला ठेवलंय. पाच मिनिटं कोणी शेजारी बसून सांगितलं असतं ना, तर एवढा तरी गैरसमज मनात राहिला नसता.

नंतर मला शिफ्ट केलं बाळंतिणींच्या वॉर्डात, कारण बाळंतीण म्हटल्यावर तोच वॉर्ड. शेजारच्या कॉटवर बाळ, समोर बाळ, आणि प्रत्येक बाळाला बघायला येणारे नातेवाईक जाता जाता विचारायचे, तुमचं कुठेय, काचेच्या पेटीत ठेवलंय का? एकीला मी हो म्हणून सांगितलं, बोलायची ताकदच नव्हती.

आणि मग दूध आलं. हे कोणी म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध उतरतं, बाळ असो नसो, शरीराला काय कळतंय. शेजारचं बाळ रडलं की माझा गाऊन भिजायचा. छाती दगडासारखी झाली, ताप भरला, आणि मी कोणाला सांगू कळेना म्हणून टॉवेल धरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दूध थांबवायची गोळी असते साहेब. पहिल्याच दिवशी दिली तर बऱ्यापैकी काम करते, बीपी वाढलेलं असेल तर देत नाहीत, पण निदान अशी गोळी असते आणि असं असं होणार आहे हे सांगायला काय हरकत होती? डिस्चार्ज मिळाला तेव्हा हातात जो कागद दिला त्यावर खाली छापलेलंच होतं, बाळाला दर दोन तासांनी अंगावर पाजा, बाळाची नाळ कोरडी ठेवा. कोणाला तेवढ्यावर पेनाने एक रेघ मारायचंही सुचलं नाही.

आता ज्या मावशींबद्दल सांगायचंय त्या. वॉर्डात रात्रपाळीला होत्या, साफसफाई, पॅन देणं हीच कामं. त्यांनी एका रात्री पडदा ओढून घेतला, स्टूल घेऊन बसल्या आणि विचारलं, नाव ठरवलं होतं का गं? मी सांगितलं. त्यांनी ते नाव दोनदा घेतलं, जणू आहेच ती. तिथपर्यंत सगळे तिला "बॉडी" नाहीतर "ते" म्हणत होते. मग म्हणाल्या, केस होते का डोक्यावर? म्हटलं हो, भरपूर. मग मी जे रडले ते पहिल्यांदा मोकळेपणाने रडले, आणि त्या काही बोलल्या नाहीत, गप्प बस नाही, रडू नको नाही, टाके दुखतील नाही. दूध किती काढायचं, म्हणजे नुसतं बरं वाटेल एवढंच, जास्त काढलं तर आणखी येतं, हे पण मला त्यांनीच सांगितलं. जाताना सहज म्हणाल्या, माझे दोन गेलेत.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते खरंच आहे. पण माझा आक्षेप तिथेच आहे. सगळ्या वॉर्डात मला समजून घेणारी एकच बाई, आणि ती पण का, तर तिच्यावर स्वतःवर तेच ओढवलंय म्हणून. बाकीच्या सिस्टर लोकांना वाईट वाटत नव्हतं का, वाटत होतंच, मला त्यांच्या डोळ्यात दिसत होतं. काय बोलावं ते माहीत नाही म्हणून त्या बोलायचं टाळत होत्या, बीपी बघायच्या आणि पटकन निघून जायच्या. सलाईन लावायला शिकवता, इंजेक्शन द्यायला शिकवता, मग हे पण शिकवता येईलच की. बाळाला बघायचंय का, हातात घ्यायचंय का, फोटो हवाय का, हे हळू आवाजात विचारायचं आणि उत्तराला वेळ द्यायचा, नाही म्हणाली तरी थोड्या वेळाने परत एकदा विचारायचं, कारण तेव्हा डोकं चालत नसतं. काही जणींना नकोच असतं, ते पण बरोबर. जबरदस्ती दोन्ही बाजूंनी नको. मला विचारलं होतं, पण असं विचारलं की "बघायचं नाहीये ना?" सांगा, याला हो म्हणायचं की नाही.

हे काही हजारात एखाद्या बाईचं दुःख नाहीये. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज असा की जगात वर्षाला सुमारे १९ लाख बाळं २८ आठवड्यांनंतर मृत जन्माला येतात, आणि त्यातली ४० टक्क्यांहून जास्त तर कळा सुरू असताना जातात, म्हणजे वेळेवर लक्ष दिलं तर त्यातली कितीतरी वाचू शकतात. २०१९ च्या अंदाजात सगळ्यात मोठा आकडा भारताचा होता, साधारण ३ लाख ४० हजार. २०१४ साली आपल्या सरकारने नवजात बालकांसाठीचा कृती आराखडा काढला त्यात २०३० पर्यंत हे प्रमाण हजारी एक आकडी करायचं लिहिलंय. चांगली गोष्ट आहे, व्हायलाच पाहिजे. पण समजा उद्या झालं एक आकडी, तरी त्या उरलेल्या बायका कुठल्या कॉटवर झोपणार? बाळ वाचवायचं टार्गेट आहे, आई वाचवायचं टार्गेट आहे, पण आई वाचली आणि बाळ गेलं की ती बाई कुठल्याच टार्गेटमध्ये बसत नाही. तिच्यात मोजण्यासारखं काही उरत नाही बहुतेक.

आणखी एक राहिलं, तपासण्यांचं. का झालं हे शोधायचं असेल तर वारेची तपासणी, बाळाचं पोस्टमॉर्टेम, आईच्या रक्ताच्या काही चाचण्या, हे सगळं तेव्हाच करावं लागतं, वार एकदा टाकून दिली की गेली. एवढं करूनही कितीतरी वेळा कारण सापडतच नाही, ते मान्य. पण आम्हाला कोणी विचारलंच नाही. आता लोक विचारतात डॉक्टर काय म्हणाले, कशाने झालं, आणि आम्ही एकमेकांकडे बघतो. त्या रिकाम्या जागेत मग ज्याला जे वाटेल ते तो भरतो, हिने जड उचललं असेल, ही ऑफिसला फार जायची, हिने डाव्या कुशीवर झोपायला पाहिजे होतं. डॉक्टरांच्या सहीचा एक कागद असता, "आईच्या वागण्यामुळे हे झालेलं नाही" एवढंच लिहिलेला, तर तो मी फ्रेम करून हॉलमध्ये लावला असता.

लोकांच्या बोलण्यावर तुमचा काय इलाज साहेब. अजून वय आहे, दुसरं होईल, बरं झालं आत्ताच गेलं लळा लागायच्या आधी, हे सगळं ऐकून झालं. लळा कधी लागतो हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय मला. पण लोक सुधारतील तेव्हा सुधारतील, ऑफिसचं तरी बघा. माझ्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात मूल म्हणजे मृत जन्मलेलं मूलसुद्धा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि गर्भपाताची सहा आठवड्यांची रजा २६व्या आठवड्यापर्यंतच्या केसेससाठी होती. माझ्या एचआरला हे माहीत नव्हतं. तिने मला अगदी गोड आवाजात सांगितलं की बेबी नाही ना मॅम, मग मॅटर्निटी कशी लावणार, सिक लीव्ह टाका. कायदा शोधून तिला पाठवायचं काम मी केलं, अंगावरून जात असताना, लॅपटॉप मांडीवर घेऊन. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी अशा वेळी ६० दिवसांची खास रजा काढली, वाचून बरं वाटलं, म्हणजे कोणीतरी कुठेतरी ह्याचा विचार केला. खाजगी नोकरीतल्या बाईला कायद्याचं कलम तिच्या डिस्चार्ज पेपरसोबतच छापून द्या ना, नाळ कोरडी ठेवा याच्या जागी. खातं तुमचं नाही म्हणाल, पण कागद तर तुमच्याच खात्याच्या हॉस्पिटलात छापला जातो.

आणि ते मेसेज बंद करा. अभिनंदन, तुमच्या बाळाच्या लसीची तारीख जवळ आली आहे. तो पहिला मेसेज आला तेव्हा नवऱ्याने माझा फोन घेऊन बाथरूममध्ये जाऊन ब्लॉक केला, मग दुसऱ्या नंबरवरून आला. मृत जन्माची नोंद करणं १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे सरकारच्या एका कॉम्प्युटरला माहीत आहे की बाळ नाही. तो दुसऱ्या कॉम्प्युटरला सांगत का नाही?

नवऱ्याचा विषय निघालाच आहे तर, त्याला सगळे फक्त एकच म्हणाले, तिला सांभाळ. त्याला कसं वाटतंय असं विचारणारा एकच माणूस, त्याच्या ऑफिसमधले रिटायरमेंटला आलेले एक गृहस्थ. त्यांनी चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगितलं की आमचं पहिलं असंच गेलं, बायकोने मला ते दाखवलंही नाही, मुलगा होता एवढंच कळलं, आणि मी आजपर्यंत कोणाला बोललो नाही. एवढी वर्षं! नवरा घरी येऊन हे सांगताना स्वतः पहिल्यांदा रडला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आम्हाला तो पुढे कुठूनतरी कळला आणि त्याने फोन केलाही. उपयोग झाला. पण तो नंबर डिस्चार्जच्या कागदावर नव्हता.

बाहेर काही देशांत ह्यातलं बरंच होतं. इंग्लंडमध्ये २४ आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाच्या नोंदीत आईबापाला हवं असेल तर नाव लिहिता येतं. न्यूझीलंडने २०२१ मध्ये अशा आईबापांना, दोघांनाही, तीन दिवसांची भरपगारी शोकरजा दिली. तीन दिवस काहीच नाही खरं तर, पण त्यात बाप पण धरलाय हे मला महत्त्वाचं वाटलं.

मी मागतेय त्यातल्या बऱ्याच गोष्टींना नवीन बिल्डिंग लागत नाही. वॉर्डाच्या टोकाची एखादी कॉट, नाहीतर सरळ बायकांच्या दुसऱ्या वॉर्डात सोय, आणि केसपेपरवर एखादी खूण, म्हणजे सफाईवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणी येऊन बाळ कुठेय विचारणार नाही. दुधाबद्दल आधी सांगणं. वार टाकायच्या आधी विचारणं. छापील कागद वेगळा. आणि नर्सिंगच्या, डॉक्टरकीच्या अभ्यासात ह्या बोलण्याचं खरंखुरं ट्रेनिंग, एका स्लाइडवर उरकलेलं नाही, आणि त्या ट्रेनिंगला मावशी लोकांनाही बसवा, किंवा खरं म्हणजे त्यांनाच शिकवायला बोलवा.

आम्ही आठ-दहा जणी आहोत, सगळ्यांचं असंच झालेलं, एकमेकींना अशाच सापडत गेलो. आमच्यातल्या ज्यांना बोलणं जमतं त्या कुठल्याही नर्सिंग कॉलेजला येऊन आपलं सांगायला तयार आहेत, मानधन वगैरे नको, फक्त शनिवार-रविवार ठेवा कारण बहुतेक जणी नोकरी करतात. तुमच्या कार्यालयाला ह्याच मजकुराचं पत्र माझ्या नाव-पत्त्यासकट रजिस्टर पोस्टाने वेगळं पाठवलंय, तिथे फोन नंबर आहे. इथे नाव मुद्दाम देत नाही, कारण मग हॉस्पिटल कुठलं ते लोक शोधून काढतील आणि बोलणी बसतील ती बिचाऱ्या मावशींना, की पेशंटशी गप्पा मारत बसतेस म्हणून.

कळावे.
एका मुलीची आई