पाचापर्यंत मोजून

मिरज,
रविवार, रात्री

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोललो ते बोलायला नको होतं. "नको ते कॉलेज, ये निघून घरी" असं माझ्या तोंडून गेलं आणि तू फोन ठेवलास. आई माझ्याशी अजून धड बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कागद घेतला.

मॅथ्स राहिला त्याचं मला खरंच काही वाटत नाही. पुढच्या परीक्षेला निघेल. सकाळी सातची शिफ्ट, साडेतीनला सुटायचं, तसंच बस पकडून साडेपाचच्या तासाला बसायचं आणि भोसरीला खोलीवर परतायला दहा-साडेदहा. यात एकच विषय राहिला, हे मी आत्याला अभिमानानं सांगितलं. आयटीआयला दोन वर्षं तुम्ही तिघीच मुली होतात, तेव्हाही लोक म्हणाले होते, दोन महिन्यांत परत येईल. आली नाहीस.

तुला बसलेल्या विजेच्या झटक्याबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. अंगठा कसा आहे एवढंच कळव. फोड आला असेल तर फोडू नकोस.

परवा जुना पत्र्याचा डबा सापडला, बिस्किटांचा. रेझिस्टरचा. तू दुसरीत असताना दुकानात जमिनीवर फतकल मारून बसायचीस आणि रंगावरून ढीग लावायचीस. पट्ट्यांचे रंग म्हणजे आकडे. पिवळा, जांभळा, लाल. चार, सात, वर दोन शून्यं, "अप्पा, हा चार पॉइंट सात के!" दादाला ते कधी जमलं नाही, त्याचा हिरवा आणि निळा कायम गोंधळ. आणि आता तू ज्या पार्टवर काम करतेस तो मोहरीच्या दाण्याएवढा, त्याला रंग लावायला जागाच नाही. गणपतीत तू फोनवर फोटो मोठा करून दाखवलास, तेव्हा मी चष्मा पुसून परत बघितला. माझ्या हाताला तो डाग देता येणार नाही. तुझ्या हाताला येतो.

त्याच गणपतीत तू मला टाइम कॉन्स्टंट शिकवलास, आठवतंय? मी तीस वर्षं कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून उतरवत आलो. ठिणगी पडली, चट्‌ आवाज आला, की काम झालं असं समजायचो. तू म्हणालीस, असं नाही करायचं, पार्ट खराब होतो, रेझिस्टरमधून उतरवायचा. ओहम गुणिले फॅरड, येतील तेवढे सेकंद. तेवढ्याच्या पाच पट थांबलं की एक टक्कासुद्धा चार्ज उरत नाही. वर्तमानपत्राच्या कडेला तू ती उतरत जाणारी रेघ काढून दाखवलीस. तो तुकडा मी गल्ल्यात ठेवलाय. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. टपालानं रेडिओचा कोर्स मागवला होता, सहा धड्यांनंतर तुझे आजोबा अंथरुणाला खिळले आणि ते राहिलं.

म्हणूनच मला कळत नाही. जिला हे सगळं माहीत, तिनं प्लग काढला आणि लगेच बोर्ड उचलला कसा? लाइन २३०ची असते, पण एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिजच्या पुढे त्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी उभा असतो. तू म्हणतेस, टेबलाला ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी आहे, करंट गळला की लाइन तोडणारा. अगं, तो जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच बघतो. प्लग निघाल्यावर कपॅसिटरमध्ये काय साठलंय ते त्याला दिसतच नाही. हे तू मला शिकवायचं, मी तुला नाही. एक हात पाठीमागे, पायात चप्पल, अंगठी काढलेली, आणि मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय...

बघ, सुरू झालो. राहू दे. तुला हे सगळं येतं. चूक ज्ञानाची नाही, झोपेची आहे. तू हसत हसत सांगितलंस की आदल्या रात्री चारच तास झोपले होते. मी ते हसणं ऐकलं आणि मग माझं डोकं फिरलं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. आईला माहीत आहे, दादाला नाही. १९९६च्या वर्ल्ड कपमध्ये ९ मार्चला बंगळूरला आपली पाकिस्तानशी क्वार्टर फायनल होती. त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आख्ख्या पेठेचे टीव्ही माझ्याकडे. मी दोन रात्री घरी गेलोच नाही. आई दादाला कडेवर घेऊन डबा आणायची आणि म्हणायची, तासभर तरी पडा. आदल्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, एक कलर सेट बंद केला आणि पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली हात घातला. ट्यूबचा चार्ज उतरवायचा राहिला होता. रोज न चुकता करायचो ती गोष्ट, आणि मला वाटत होतं की मी केली. पंचवीस हजार व्होल्टची ती जागा. हात मागे उडाला तो ट्यूबच्या मानेवर. काच तडकली, आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज झाला, आणि मानेजवळचा चंदेरी डाग माझ्या डोळ्यांसमोर दुधासारखा पांढरा झाला, म्हणजे ट्यूब मेली. मी जमिनीवर बसून तो डाग बघत होतो. उठता येत नव्हतं. छातीत धडधडत होतं आणि डाव्या हाताची बोटं आपली वाटत नव्हती.

दुकानात मी एकटा होतो. शटर अर्धं ओढलेलं. सकाळी आई डबा घेऊन आली तोवर मी तिथेच. नवीन ट्यूबसाठी तिच्या पाटल्या गेल्या, त्या तुला ठाऊक आहेत, चोरीला गेल्या असं आपण सांगतो. मॅच कोण जिंकलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

हे मोठं करून सांगतोय असं वाटेल. तसं नाही. काल तू म्हणालीस "झिणझिण्या आल्या फक्त", तेव्हा मला ते शटर दिसलं.

कॉलेज सोडू नकोस. मी म्हटलं ते मागे घेतो. वर्गात वेगवेगळ्या कंपन्यांतली माणसं आहेत, सगळी दमलेली, तरी ऑसिलोस्कोपसाठी नंबर लावून उभी राहतात असं तू सांगितलंस, ते मी दुकानात येईल त्याला ऐकवतो. पण शिफ्ट बदलून मिळते का विचार. नाही मिळाली तर रविवारचा ओव्हरटाइम सोड. हप्त्याचं मी बघतो, मिक्सर आणि मोटारींची कामं बरी आहेत. काकांचं काय ते नंतर. आणि ज्या रात्री झोप झाली नाही त्या सकाळी सुपरवायझरला सांगून टाक की आज लाइव्ह बोर्ड नको, पॅकिंगला बसते. यात कमीपणा नाही. मी सांगितलं नव्हतं, कारण मला सांगायला कुणी नव्हतं.

परत तेच. माफ कर. आई म्हणते तसं माझी सुई अडकते.

दादा शुक्रवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे कपॅसिटर उतरवायची एक वस्तू देतोय. दोन मीटरचे प्रोब, मधे २.२ केचा दहा वॅटचा सिमेंट रेझिस्टर, वर दोन थर स्लीव्ह. आज दुपारभर दुकानात बसून केली. तुझ्या त्या कपॅसिटरवर २२० मायक्रोफॅरड लिहिलंय म्हणालीस. तुझ्या सूत्रानं गणित केलं, अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर येतं, म्हणजे पाच पट धरून अडीच. तू सावकाश पाचापर्यंत मोज आणि मग मीटर लाव. गणित चुकलं असेल तर सांग.

डब्यात आईनं मेतकूट दिलंय.

तुझे
अप्पा

ता. क. लाल वायर जरा आखूड झाली आहे. घरात तेवढीच होती. दिवाळीला आलीस की बदलून देतो.