कासव कृष्णेत सोडू नका, माझ्या दुकानात आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आयर्विन पुलाजवळच्या घाटावर एक कुटुंब बादलीतून कासव घेऊन आलं होतं. आजींनी पाठीवर हळद-कुंकू वाहिलं, नातवाने व्हिडिओ काढला आणि कासव गेलं पाण्यात. डोळ्यामागची लाल पट्टी मी लांबूनच ओळखली. न ओळखून सांगतो कुणाला, बारा वर्षं हीच कासवं विकलीत मी.

मूळचं हे अमेरिकेचं. दुकानात येतं तेव्हा दहाच्या नाण्याहून जरासं मोठं असतं आणि वास्तूसाठी म्हणून जोडीनं खपतं. चार-पाच वर्षांत ताटलीएवढं होतं, टाकी घाण मारू लागते, मग घरच्यांना पुण्य आठवतं.

आपल्या मऊ पाठीच्या कासवांचं खाणं ते पळवतं, एवढं लोकांच्या कानावर आहे. त्याच्या अंगातल्या जंतांचा विषय मात्र कुणी काढत नाही. परमुलखात गेलेला प्राणी आपले बरेचसे जंत मागेच ठेवून जातो, म्हणून तर तिथे माजतो. पण सगळेच काही मागे राहत नाहीत. त्यात आमच्या धंद्यात चार जातींची कासवं एकाच पाण्यात. टाकी उपसताना विष्ठेत पांढऱ्या दोऱ्यासारखे किडे वळवळताना कितीदा पाहिले. पाणी गटारात ओतलं, टाकी मिठानं घासली, विषय संपला.

फ्रान्स आणि स्पेनमध्ये या पाहुण्यांचे अमेरिकन कृमी तिथल्या तळ्यांतल्या कासवांत निघाले. त्यातला एक थेट रक्तवाहिन्यांत राहतो आणि वाढीचा काही काळ पाण्यातल्या गोगलगायीत काढतो. युरोपने १९९७ साली आयात बंद केली, तोवर लाखांनी कासवं येऊन गेली होती. गोगलगायी आपल्या कृष्णेतही काही कमी नाहीत.

बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात सापाचा दाखला लवकर पटेल. फ्लोरिडात पाळीव बर्मी अजगर मोकळे सुटले, त्यांच्याबरोबर फुप्फुसात राहणारा एक आशियाई परजीवी गेला. अजगराला त्याची सवय. तिथल्या सापांत मात्र तो जास्त पोसतो आणि जास्त संख्येनं भरतो. बेडूक-सरड्यांमार्फत पसरत तो अजगर पोहोचलेच नाहीत अशा भागातल्या सापांतही गेला. पाहुणा वेशीबाहेरच, त्याचा जंत घरात!

गेल्या दिवाळीपासून मी ही विक्री बंद केली. (शेजारचे दुकानदार हसतात, हसोत.) नको असलेलं कासव मी फुकट परत घेतो, कुणाकडून नेलं तेही विचारत नाही. आज मागच्या खोलीत अकरा आहेत, बाराव्याला जागा नाही. महापालिकेने एक बंदिस्त हौद द्यावा, खाण्याचा खर्च आम्ही दुकानदार वर्गणी काढून करू. हौद मात्र पूररेषेच्या बाहेर हवा. २०१९ मध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माझं दुकान छतापर्यंत बुडालं होतं. पाणी ओसरल्यावर टाक्या रिकाम्या होत्या. ती चाळीस कासवं मी नुकसानीच्या यादीत ‘मृत’ म्हणून लिहिली.

– एक मत्स्यालय दुकानदार, सांगली