ओव्हन किटमधल्या मॉर्टरबाबत तक्रार, आणि गवंड्यावर टाकलेला ठपका मागे घेण्याबाबत

दि. ९ मार्च २०२६
आर्टिस्ट्स व्हिलेज, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लाकडावरच्या ओव्हनच्या किटसोबत आलेलं सदोष मॉर्टर (विटा जोडायचा माल) आणि तुमचं १८ फेब्रुवारीचं उत्तर

महोदय / महोदया,

तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलीने फोनवर मला दोनदा सांगितलं, "मॅडम, मेलवर थोडक्यात लिहा." थोडक्यात लिहून पाहिलं. त्याचं जे उत्तर आलं ते वाचल्यावर आता सविस्तर लिहिते आहे. हे पत्र रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवलं आहे. सोबत बिल, फोटो आणि तुमच्या माहितीपुस्तिकेच्या पान ६ ची प्रत जोडली आहे.

४ डिसेंबरला मी तुमच्याकडून ३६ इंची घुमटाच्या ओव्हनचं किट मागवलं. वाहतुकीसकट ६८,५०० रुपये, सगळे आगाऊ. त्यात १७० फायर ब्रिक, '१४०० अंशांपर्यंत टिकणारं हाय टेम्परेचर रिफ्रॅक्टरी मॉर्टर' असं छापलेल्या २५ किलोच्या तीन बॅगा, घुमटावर गुंडाळायच्या, उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिक वूलचे दोन रोल, धुराड्याचा पाइप आणि पुस्तिका. वूलचा एकच रोल आला होता. दुसरा तीन फोन केल्यावर आला. तो विषय तिथेच सोडते.

विटांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगते. २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटरच्या त्या विटा अगदी मापात आहेत. एकमेकींवर आपटल्या की भांड्यासारख्या वाजतात. चांगल्याला चांगलं म्हणायला मला अडचण नाही, म्हणूनच वाईटाबद्दल लिहिते तेव्हा तुम्ही नीट वाचाल अशी अपेक्षा आहे.

आमची वसाहत तुम्हाला माहीत नसेल. १९८० च्या दशकात सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी ही घरं आखली, तेव्हा एका घराची भिंत दुसऱ्याला चिकटू दिली नाही. ज्याला जसं जमेल तसं त्याने आपलं घर वाढवावं, हा त्यामागचा विचार. बहुतेकांनी वाढवून मजले चढवले. आम्ही मागचं अंगण तसंच ठेवलं. माझं लहानपण वेंगुर्ल्यात गेलं, घरामागेच बेकरी होती, आणि पहाटे पावाच्या वासाने जाग यायची. निवृत्त झाल्यावर अंगणात भट्टी बांधायची हे मी नोकरीत असतानाच ठरवून टाकलं होतं. तेव्हा हा चार दिवसांचा शौक समजू नका.

बांधकामाला जे गवंडी होते त्यांना आम्ही मामा म्हणतो. पेणकडचे आहेत, आमच्या घराचं निम्मं काम त्यांच्याच हातचं. तंदूर आणि हॉटेलच्या भट्ट्या त्यांनी बऱ्याच बांधल्या आहेत. ३ जानेवारीला काम सुरू झालं. तुमची पहिली बॅग फोडून घमेल्यात माल कालवला, तसा त्यांनी तो थापीवर घेतला, दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, "ताई, हे साधं सिमेंटच वाटतंय हो. भट्टीचा माल असा लागत नाही हाताला."

मी काय उत्तर दिलं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "मामा, बॅगेवर इंग्रजीत लिहिलंय, १४०० अंश. कंपनी काय खोटं छापेल का?" ते गप्प बसले. दिवसभर गप्पच होते. नऊ दिवस त्यांनी आणि त्यांच्या मदतनीसाने ती भट्टी बांधली. प्लायचा फर्मा करून कमान उभी केली, आतल्या बाजूने सांधा दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ दिला नाही, प्रत्येक फेरीला दोरी फिरवून घेर मोजला. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवायची असते, तीही त्यांनी माझ्याकडून दोनदा विचारून घेतली. घुमट ११ जानेवारीला बंद झाला. पुढचा आठवडाभर ओली गोणपाटं घातली.

आता पुस्तिकेचं पान ६. तिथे लिहिलंय, 'बांधकामानंतर ४८ तासांनी ओव्हन पूर्ण क्षमतेने वापरता येईल.' बस, एवढंच. नव्या भट्टीत सगळीकडे पाणी मुरलेलं असतं. एकदम जाळ केला तर त्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते, आणि ती जागा ती सांधा फोडूनच करते. म्हणून आठवडाभर रोज थोडा थोडा विस्तव वाढवत न्यायचा असतो. तुमच्या पुस्तिकेत याचा एक शब्द नाही. मामांना मात्र हे कुणी शिकवावं लागलं नाही. "नवी चूल पहिल्या दिवशी पेटवत नाहीत, ताई," म्हणाले. १८ ते २३ जानेवारी असे सहा दिवस आम्ही आधी नुसत्या ढलप्या, मग बारीक काटक्या, मग दोन-दोन ओंडके असं करत गेलो. पहिल्या दिवशी १०० अंशांच्या आसपास, शेवटच्या दिवशी २८०. भाच्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे. रोजच्या आकड्याचे तारीख-वेळेसह फोटो सोबत आहेत.

२४ तारखेला विझत आलेल्या निखाऱ्यांवर वांगी भाजली. ते भरीत मी आयुष्यात विसरणार नाही. हे तुम्हाला सांगायचं कारण नाही, तरी सांगते.

२६ जानेवारीला सुट्टी होती, घरचे बारा जण जमले होते. पनवेलच्या वखारीतून आणलेली सुकी बाभूळ जाळली. आधी घुमट आतून काजळीने काळाकुट्ट झाला, मग दीड-एक तासाने वरून हळूहळू पांढरा होत खाली आला. काजळी जळून गेली की असं होतं. भट्टी तयार झाल्याची ती खूण. फरशीचं तापमान ४१० अंश. पहिला पिझ्झा आत सरकवला आणि 'टक्' असा आवाज आला. भाचा म्हणाला लाकूड तडकलं. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी बाहेरून पाहिलं. कमानीच्या चावीपासून, म्हणजे मधोमध बसवलेल्या विटेपासून, वरच्या बाजूला प्लॅस्टरवर एक रेघ उमटली होती आणि त्या रेघेतून बारीक धूर येत होता. आम्ही तिथेच जाळ कमी केला.

केसासारख्या चिरा प्रत्येक भट्टीला पडतात. तापल्यावर वीट फुगते, निवल्यावर आकसते, हे मला कळतं, आणि तेवढ्यासाठी मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. ही चीर तशी नाही. त्यात दहा रुपयांचं नाणं उभं राहतं. फोटो क्रमांक ७ पाहा. खरी गोष्ट तर पुढे घडली. भट्टी बंद होती, कुणी काडी लावली नव्हती, तरी ७ फेब्रुवारीपर्यंत आतले सांधे भुगा होऊन फरशीवर पडायला लागले. रोज सकाळी झाडू मारला की मूठभर पांढुरकी पूड. मामा आले, आत वाकून त्यांनी सांध्यात खिळा घातला, तो पाऊण इंच सहज गेला. ते काहीच बोलले नाहीत. 'मी सांगितलं होतं' असं एकदा जरी म्हणाले असते तरी मला बरं वाटलं असतं.

असं का होतं ते तुमच्या तांत्रिक विभागाला माहीत असणारच, तरी लिहिते. साधं पोर्टलँड सिमेंट घट्ट झालं की त्यात विरलेला चुना तयार होतो. चारशे अंशांच्या पुढे त्यातलं पाणी निघून जातं आणि मागे कळीचा चुना राहतो. भट्टी निवली की हा चुना हवेतला ओलावा ओढतो आणि फुगतो, घराला रंग देण्याआधी पिंपात चुनकळी विरवताना फुगते तसाच. आमच्याकडे खाडीची हवा, दमटपणाला तोटा नाही. त्यामुळे चीर तापल्यावर पडली आणि भुगा निवल्यावर झाला. म्हणूनच भट्टीला हाय ॲल्युमिना सिमेंट आणि फायरक्ले वापरतात. तेच तुम्ही बॅगेवर छापलं आहे.

मी २९ जानेवारीला आणि ८ फेब्रुवारीला मेल केले. १८ फेब्रुवारीला तुमचं उत्तर आलं. त्यातली तीन वाक्यं अशी. एक, ओव्हन 'अतितापवला'. दोन, क्युरिंग, म्हणजे नवी भट्टी हळूहळू सुकवणं-तापवणं, केलं नाही. तीन, 'अकुशल स्थानिक कामगारांकडून झालेल्या बांधकामाची जबाबदारी कंपनीवर नाही.'

अतितापवण्याचं म्हणाल, तर तुमच्या जाहिरातीत '९० सेकंदांत पिझ्झा' असं मोठ्या अक्षरांत आहे. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो हे खरं, पण त्याला घुमट साडेचारशेच्या पुढे तापलेला लागतो. मी ४१० वर थांबले होते. क्युरिंगबद्दल वर लिहिलं आहे. तुमच्या पुस्तिकेपेक्षा आम्ही जास्तच काळजी घेतली.

मॉर्टरच्या रंगावरून काही ठरत नाही, असं तुम्ही म्हणाल. मान्य. म्हणून ८ फेब्रुवारीला आम्ही उरलेल्या मालातून दोन लाडू वळले. एक तुमच्या बॅगेतला, दुसरा तुर्भ्याला भट्ट्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेल्या हाय ॲल्युमिना मॉर्टरचा. दोन्ही सारखेच ओले ठेवले, सारखेच वाळवले. २१ तारखेला शेगडीत एकाच वेळी तीन तास लालभडक निखाऱ्यात ठेवले आणि मग खिडकीत. २४ ला सकाळी तुमच्या लाडवाला अंगठा लावला तर त्याची रांगोळी झाली. दुसरा मी फरशीवर आपटला, त्याचा टवकासुद्धा उडाला नाही. ही काही प्रयोगशाळा नव्हे, हे मलाही समजतं. तिसऱ्या बॅगेतला निम्मा माल मी प्लॅस्टिकमध्ये बांधून कोरडा ठेवला आहे. एनएबीएल मान्यतेच्या कोणत्याही प्रयोगशाळेत दोघांच्या सह्यांनी पाठवू. खर्च ज्याचं खोटं ठरेल त्याचा.

एक शेजारी मध्यंतरी म्हणाले, मुंबईत २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने बेकऱ्यांनासुद्धा लाकूड सोडायला सहा महिन्यांची मुदत दिली, आणि तुम्ही इथे नवी भट्टी बांधताय! त्यांचं चूक नाही. मी महिन्यातून दोनदा, सुकंच लाकूड जाळायचं आणि आधी चौकातल्या सगळ्यांना सांगायचं असं ठरवलं आहे. पण चिरेतून धूर गळणारी भट्टी घेऊन मी शेजाऱ्यांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?

माझ्या मागण्या. खरं रिफ्रॅक्टरी मॉर्टर, तपासणीच्या दाखल्यासह, ७५ किलो. वूलचे दोन रोल, कारण घुमट उतरवताना वरचं प्लॅस्टर आणि वूल फाटणारच. पहिल्या बांधकामाची मजुरी नऊ दिवसांची १८,००० रुपये आणि विटा उतरवून, सांध्यांतला माल खरवडून साफ करण्याची तीन दिवसांची ६,०००. पुन्हा बांधायची मजुरी मी देईन. हे जमणार नसेल तर किट घेऊन जा आणि ६८,५०० परत करा, मजुरी वेगळी. पान ६ दुरुस्त करा, कारण दुसरा कुणीतरी ते वाचून ४८ तासांनी खरंच पूर्ण जाळ करेल आणि त्याच्यासमोर मुलं उभी असतील.

आणि 'अकुशल स्थानिक कामगार' हे वाक्य लेखी मागे घ्या. ते पत्र मामांच्या नावाने, मराठीत पाठवा. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, त्यांचं काम पाहिलेलं नाही. तुमच्या बॅगेत काय आहे हे या सगळ्या व्यवहारात फक्त त्यांनी ओळखलं होतं, आणि त्यांना गप्प बसवण्यात तुमच्या छापील अक्षरांइतकाच माझाही हात होता. माझी चूक मी त्यांच्याकडे जाऊन कबूल केली आहे.

या पत्रापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करेन. त्या कायद्याने मी राहते तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार आयोगाला आहे. दोन वर्षांची मुदत आहे, पण मी तेवढी वाट पाहणार नाही. पावसाळ्याआधी घुमट उभा राहायला हवा.

सध्या भट्टीवर ताडपत्री टाकली आहे. पाहणीला माणूस पाठवणार असाल तर सकाळी साडेदहाच्या आत पाठवा. त्यानंतर मामा दुसऱ्या कामावर जातात, आणि सांधे त्यांच्यासमोरच तपासायचे आहेत.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलाच्या प्रतीवर)